आलं का?

दुसऱ्या गावात माणसं भेटली की 'जेवलीस का' विचारतात. इचलकरंजीत 'आलं का' विचारतात. काय आलं का, ते सांगावं लागत नाही. पंचगंगा गावाला खेटून वाहते, पण नळाला पाणी तीन-चार दिवसांनी येतं, आणि ज्या पहाटे येतं त्या पहाटे अख्खी गल्ली बादल्यांच्या आवाजानं उठते. लहानपणापासून कानात मुरलेला हा प्रश्न एक दिवस मला, म्हणजे माझ्या अंगाला उद्देशून, दिवसातून चाळीस वेळा विचारला जाईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा संपल्यावर पुण्याहून आले. येताना दोन बॅगा, पोचवून परत जाणारा नवरा आणि तीन पानी आराखडा. पुण्यात मी लोकांच्या कामांचे आराखडे करूनच पोट भरते, तेव्हा स्वतःच्या पोटाचा करायला कितीसा वेळ लागणार? वर ठळक अक्षरांत मथळा : 'स्तनपान – दवाखान्यातले दिवस'. खाली कलमं. पहिल्या तासात बाळ माझ्या अंगावर. मध, साखरपाणी, बाळगुटी काही चाटवायचं नाही. बाटली नाही. बाळ चोवीस तास माझ्याच खोलीत. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं. आणि शेवटचं कलम : भेटायची वेळ संध्याकाळी ५ ते ६, एका वेळी दोनच माणसं. हे शेवटचं लिहिताना मी पुण्यात बसले होते, एवढंच त्यावर म्हणता येईल.

आराखडा वडिलांना, म्हणजे आप्पांना, दाखवला. आप्पांचे सोळा माग आहेत, साधे, मजुरीवर कापड विणणारे. ते कुठलाही कागद शेवटून वाचतात, कारण गोम तिथंच असते म्हणतात.

"सगळं झ्याक हाय. पण डिलिव्हरीची तारीख घातली न्हाईस."

"ती बाळ ठरवतं, आप्पा."

"म्हंजे पार्टीगतच हाय की. येतो म्हणायचं, आणि दोन हप्ते फिरकायचं न्हाई."

बाळ पार्टीसारखंच वागलं. तारीख उलटून सहा दिवस गेले, मग एका दुपारी कळा सुरू झाल्या, रात्रभर चालल्या आणि सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सिझर करूया. माझ्या तीन पानांत 'सिझर' हा शब्दच नव्हता.

मुलगी झाली. हिरव्या पडद्यावरून एक लाल, रागावलेला चेहरा मला दाखवला गेला आणि लगेच बाहेर नेला गेला. बाहेर आमचे तेवीस जण होते. पुढं काय झालं ते नवऱ्याच्या फोनमधल्या व्हिडिओवरून कळतं. मुलगी या मांडीवरून त्या मांडीवर गेली. मोठ्या काकांचा चष्मा सापडेपर्यंत थांबली. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, ही गोष्ट आप्पा प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. नातीला त्यांनी ती तिच्या वयाच्या पंधराव्या मिनिटाला सांगितली. ती ऐकून ती रडली, तर सगळे म्हणाले, आवाज काय खणखणीत आहे. ती भूक होती, हे व्हिडिओत आता अगदी स्पष्ट दिसतं. हात तोंडात घालते आहे, मान वळवून वळवून काकांच्या शर्टाचं बटण शोधते आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे मी आराखड्याच्या तळटीपेत घातले होते. देशात शंभरातली ८९ बाळं दवाखान्यात जन्मतात, पण पहिल्या तासात आईचं दूध मिळतं जेमतेम ४२ जणांना. मधल्या पोरांचं काय होत असेल, असं मला तेव्हा कोडं पडलं होतं. ती फोटोला बसलेली असतात. आमची मुलगी माझ्यापर्यंत आली तेव्हा एक तास चाळीस मिनिटं झाली होती. पहिलं कलम मी मनातल्या मनात खोडलं.

पाजण्याचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर कॅलेंडरवरच्या यशोदेचं होतं. प्रत्यक्षात एका हाताला सलाईन, पोटाला टाके, कमरेखाली सगळं बधीर. मुलगी तोंड उघडायची, नुसत्या टोकाला धरायची, सुटायची आणि माझ्यावरच ओरडायची. रात्रपाळीच्या सिस्टर आल्या, दोन मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुम्ही बाळावर वाकायलाय. वाकू नका, बाळाला वर आणा. बाजाराची पिशवी काखेत मारता का नाही? तशी धरा. पाय मागं, डोकं तुमच्या हातात. टाक्यावर भार येत नाही."

मी पिशवी धरली.

"आता थांबा. आऽ करू दे. अजून मोठा. हां, आता! नुसतं टोक नाही, काळा भाग पण आत जाऊ दे. हनुवटी टेकली बघा."

आणि काहीतरी लागलं. कुलपात किल्ली बसल्यावर हाताला कळतं, तसं. ती ओढायला लागली, कानाजवळ बारीक हलायला लागलं. "आता कसं," सिस्टर म्हणाल्या. "दोन-अडीच तासांनी परत. रात्रपाळी चुकवायची नाही. रात्रीच्या पाजण्यानंच दूध वाढतं." रात्रपाळीचं महत्त्व मला कुणी सांगावं? इचलकरंजीत माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. त्यांच्या खडखडाटात आम्ही झोपतो आणि तो थांबला की दचकून उठतो.

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली. दार ढकललं जायचं, चप्पल वाजायची, आणि बाळाकडे बघण्याआधी माझ्या छातीकडे बघून : "आलं का?" यात नात्याचा, वयाचा, स्त्री-पुरुषाचा भेद नव्हता. आप्पांच्या सायझिंगवाल्या, म्हणजे सुताला खळ लावून देणाऱ्या, मित्रानं सुद्धा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत विचारलं. मी म्हणायचे, येतंय थोडं थोडं, पिवळं. मग सगळ्या खोलीचं तोंड उतरायचं.

"पिवळं व्हय? ते पिळून टाक," गल्लीतल्या एक काकू म्हणाल्या. "जड असतंय. बाळाला बाधतंय."

या काकूंना मी ओळखते. कुणाची म्हैस व्यायली असं कळलं, की यांचा डबा चिकासाठी सगळ्यांत पुढं असतो. म्हशीच्या चिकाला गूळ-वेलदोडा घालून खरवस करायचा, वड्या पाडायच्या, सात घरी वाटायच्या, आणि माणसाचा चीक मोरीत! त्या पिवळ्या थेंबांतच बाळाची पहिली लस असते, आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चहाच्या चमच्याएवढंच मावतं, हे मी तळटीपेसह सांगायला सुरुवात केली. काकूंनी आईला विचारलं, "हिला ताप हाय काय?"

तेवढ्यात एक मामा पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आले. प्रेमानं आणलेला, पिशवीत बिल तसंच. "असू दे हाताशी. दूध यायला चार दिवस लागतील, तवर पोरगीनं काय करायचं?" खोलीत एकदम शांतता पसरली. अडचण अशी होती, की तिथल्या प्रत्येकाला तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही. मुलगी रात्री तासातासाला उठत होती, आणि तीन पानं लिहिणाऱ्या बाईलासुद्धा पहाटे साडेतीनला आपण पोरीला उपाशी मारतो आहोत, असंच वाटतं. नवरा तर रात्री फोनवर दुधाची बँक शोधत होता. आशियातली पहिली अशी बँक १९८९ साली मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, असं त्यानं वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, "बँक म्हटलं की तारण मागणार. आपलं सगळं आधीच गहाण हाय."

आप्पांनी डबा हातात घेतला आणि सवयीनं मागनं वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता थांबले. चष्मा वर केला. परत वाचलं.

"हे बघ की. 'आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम.' डब्यावर छापलंय!"

मी सांगितलं, कायदा आहे, १९९२ चा. ते वाक्य छापावंच लागतं. बाळाचं चित्र घालायचं नाही, जाहिरात करायची नाही.

आप्पा भारावून गेले. "चाळीस वर्सं धंदा केला, पण आपल्याच मालाच्या गठ्ठ्यावर 'दुसऱ्याचं कापड लई भारी' असं छापणारा व्यापारी बघितला न्हवता." मग त्यांनी मला विचारलं, हे दूध तयार कसं होतं. आणि मी, बापासमोर थोडी लाजत, सांगितलं : बाळ जितकं ओढतं तितकं तयार होतं. नाही ओढलं तर शरीर समजतं, नको आहे.

आप्पा खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे उठावावर हाय!"

यापुढचं व्याख्यान मामांसाठी होतं, पण दारातल्या मावशींनीही ऐकलं. गावातला अर्धा धंदा कशानं बसला? उठाव नसताना माल काढला म्हणून. कापडाच्या ताग्यांनी गोदाम भरलं, भाव पडला, माग भंगारात गेले. इथं देवानं कारखानाच असा काढलाय की ऑर्डरशिवाय एक मीटर निघत न्हाई. पोरगी तासातासाला उठती म्हंजे काय करती? ऑर्डर नोंदवती! आणि तू मधीच बाहेरचा माल आणून तिचं पोट भरणार, तर हितली ऑर्डर रद्द. "ह्यो डबा दुकानात परत दे. बिल हाय न्हवं?" मामा डबा घेऊन गेले. खरंच कमी पडत असतं, तर डॉक्टरांनीच सांगितलं असतं आणि तेव्हा तोच डबा देवासारखा असता. पण मुलगी लंगोट ओले करत होती, वजन पहिल्या दिवसांत उतरतं तेवढंच उतरलं होतं. तीन पानांत मला जे पटवता आलं नव्हतं, ते एका शब्दात पटलं.

तरी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत पाच ते सहा या वेळेत सतरा माणसं होती, सहा ते नऊ या वेळेत किती ते मोजलं नाही. वीजबिलाच्या दरावर चर्चा चालली होती. मी पदराखाली पोरीला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि एक थेंब येत नव्हता. कुणीतरी म्हणालं, "दूधगंगा कवा यायची?" सगळे हसले. सुळकूडहून दूधगंगा नदीचं पाणी इचलकरंजीला आणायची योजना कागदावर मंजूर होती, काठावरच्या गावांचा विरोध होता, आणि आम्ही वाट बघत होतो. "गावाला यायच्या आधी हिला येती का बघू," असंही कुणी म्हणालं. मला रडू आलं. बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी कशानंही रडू येतं, पण पाणीयोजनेवरून रडणारी मी बहुतेक पहिलीच.

आणि शिरढोणची आत्या आली. आप्पांची थोरली बहीण, घरी चार म्हशी. दारातच उभी राहून तिनं खोलीवर नजर फिरवली.

"आप्पा, ह्यो काय बाजार मांडलाय? गोठ्यात चार परकी माणसं शिरली तर म्हस पान्हा चोरती. ही तर शिकल्याली पोरगी. हाका समद्यास्नी भाईर!"

माझं ठळक अक्षरांतलं शेवटचं कलम दीड मिनिटात अमलात आलं. बाई घाबरली, अवघडली की दूध सोडणारं संप्रेरक अडतं, असं मी वाचलं होतं. आत्या ते चार म्हशींवर रोज बघते. जाताना सायझिंगवाले मित्र तिच्या पाया पडून गेले.

त्या रात्री आत्या माझ्याजवळ राहिली, कारण आईला घरी जायचं होतं. पाण्याची पाळी होती. चार दिवस झाले होते, आज पहाटे नक्की येणार असा गल्लीचा होरा होता, आणि बाळंतिणीच्या घरात पाणी नसून कसं चालेल? आत्यानं मला अळणी रस्सा पाजला, पोरगी माझ्या उघड्या अंगावर पालथी घातली, वरनं आपलं इरकल लुगडं पांघरलं आणि खाली चटईवर घोरायला लागली.

अडीचच्या सुमाराला वीज गेली. मागच्या गल्लीतले माग एकदम थांबले. ती शांतता कानावर आपटली आणि अख्खा मजला जागा झाला. शेजारच्या खोलीतलं बाळ रडायला लागलं, आमचं नव्हे, शेजारचं. आणि माझ्या छातीत मुंग्या आल्या, आतून काहीतरी भरून वर आलं, आणि पुढं सगळं ओलं. मला वाटलं सलाईन फुटलं. अंधारात मी आत्याला हाका मारल्या. तिनं मोबाइलचा उजेड पाडला, लुगडं चाचपलं.

"सलाईन कुठलं, खुळे! आली की."

"कोण?"

"दूधगंगा."

आणि जिच्यासाठी एवढं सगळं, ती ढाराढूर झोपली होती. आत्यानं तळपाय चोळले, कानाची पाळी ओढली, तेव्हा एक डोळा उघडला. काखेत पिशवी, मोठा आऽ, हनुवटी टेकली. मग पहिल्यांदाच तो आवाज ऐकला : गट्, गट्, मधे श्वास, गट्. तोंडाच्या कोपऱ्यातनं पांढरा ओघळ माझ्या मनगटावर आला. मी तो पुसला नाही.

पाचला वीज आली, माग सुरू झाले. मला राहवेना. घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला आईनं उचलला.

"आई, आलं!"

"आलं?" फोन पडल्याचा आवाज आला. मग तिचं धावणं, मोरीचं दार, आणि मोटरचं बटण दाबल्याचा खटका. आप्पा सांगतात, नळाला टिपूस नव्हता, पण ती हातात पाइप धरून बॅरलपाशी दहा मिनिटं तशीच उभी होती.