बोर्ड गेलाय!

मशीन पाणी घेते, कपडे घुसळते, साबणही खाते. पण पिळायची वेळ आली की ढिम्म. अशा वेळी मराठी घरात जी चौकशी समिती बसते, तिचा अहवाल चहा उकळायच्या आत तयार असतो. शेजारचे काका मशीनच्या डोक्यावर दोन थापा मारतात आणि सांगतात, "बोर्ड गेलाय." मेहुणा फोनवरूनच, मशीन न बघता, "बोर्डच, दुसरं काय असणार!" म्हणतो. ड्रममध्ये गढूळ पाण्यात बसलेल्या सोलापुरी चादरीची साक्ष मात्र कुणी काढत नाही.

खरी आरोपी बहुधा तीच. एकटीच टाकलेली चादर पाणी पिऊन जड होते आणि ड्रमची एक बाजू धरून बसते. मशीन हळू फिरून अंदाज घेते, तोल जमतोय का ते पाहते, आणि नाही जमला तर सरळ नकार देते. फ्रंट लोडचा ड्रम पिळताना मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतो. त्या वेगात एकीकडे कललेले ओझे घेऊन फिरायचे, तर मशीन बाथरूममधून चालत हॉलमध्ये येईल. कललेली सरकारे पाच-पाच वर्षे फिरतात. मशीनला तेवढी सवलत दिलेली नाही. चादरीसोबत दोन टॉवेल टाका, कपडे नीट पसरा, मशीनचे चारही पाय जमिनीला टेकलेत का ते बघा. बाथरूमच्या फरशीला मोरीकडे उतार असतो, हे मशीन ठेवताना कुणालाच आठवत नाही.

दुसरी अट पाण्याची. आधीचे पाणी बाहेर गेल्याशिवाय मशीन पिळायला घेत नाही. पाइप मुडपला असेल किंवा मशीन रेटून भिंतीला लावताना चेपला असेल, तर प्रश्न तिथेच मिटतो. नसेल, तर फ्रंट लोडच्या तळाशी एका कोपऱ्यात छोटे झाकण असते, त्यामागे ड्रेन पंपाचा फिल्टर. त्यात पाच रुपयांचे नाणे, सेफ्टी पिन, केसांचा गुंता, बटण आणि बसच्या तिकिटाचा लगदा असा घराचा सगळा अर्थसंकल्प सापडतो. पण तिथवर पोहोचायला गुडघे टेकावे लागतात, आणि इतक्या खालच्या पातळीवर चौकशी करायची पद्धत आपल्याकडे कुठल्याच खात्यात नाही. (प्लग काढून, खाली परात ठेवून मगच उघडा. नाहीतर चौकशीत घर वाहून जाईल.)

सेमी-ऑटोमॅटिकवाल्यांचा ड्रायर नुसता गुंऽऽ करतो आणि जागचा हलत नाही. तिथे टबखाली मोजा नाहीतर रुमाल अडकलेला असतो, ब्रेक सुटलेला नसतो किंवा कंडेन्सर गेलेला असतो. कंडेन्सर स्वस्त असतो. मात्र प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते, म्हणून तो मेकॅनिकलाच बदलू द्या. पावसाळ्यात उंदीर खालून शिरून वायर कुरतडतात, तोही एक पक्ष लक्षात ठेवावा.

बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट, कधीच जात नाही असे नाही. व्होल्टेज वरखाली झाले की जातोही. पण तो सर्वांत महागड्या भागांपैकी एक, म्हणून त्याचे नाव सर्वांत आधी निघते. ग्राहकाला असे अंधारात राहावे लागू नये म्हणून की काय, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत, हा त्यामागचा हेतू. फिल्टर उघडून पाहण्याचा अधिकार त्याआधीही होता, पण त्याचे पोर्टल नसल्यामुळे तो कुणाच्या लक्षात आला नाही.

तरीही मेकॅनिक आलाच आणि बोर्ड बदललाच, तर जुना बोर्ड मागून घ्या आणि पावतीवर भागाचे नाव व वॉरंटी लिहून घ्या. टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.