अठराव्या वर्षाआधीचा वाहनयोग

पत्रिकेतील चतुर्थ स्थान बलवान असल्यास जातकास वाहनयोग लाभतो, असे फलज्योतिष सांगते. धाराशिव जिल्ह्यात मात्र हा योग दहावीच्या निकालाने येतो, आणि निकाल वाईट लागल्यास चिरंजीवांच्या दुःखपरिहारार्थ तर हमखास येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. १६ व्या वर्षी मिळणारी सवलत केवळ ५० सीसीपर्यंतच्या, म्हणजे पेट्रोलवरच्या जुन्या लुनाएवढ्या ताकदीच्या, दुचाकीपुरती आहे. सवलत असलेली गाडी बाजारात मिळत नाही आणि दारात उभ्या असलेल्या गाडीला सवलत नाही, हा पेच येथील पालकांनी कायदा न वाचण्याच्या साध्या युक्तीने सोडवलेला आहे.

जिल्ह्यात रूढ असलेले सुरक्षाशास्त्रही अभ्यासनीय आहे. नवी गाडी प्रथम तुळजापूरला नेली जाते, तिला हार घातला जातो आणि चाकाखाली लिंबू ठेवून यंत्राची दृष्ट काढली जाते. त्यानंतर क्रमांकाच्या पाटीवर ४१४१ हे आकडे अशा वळणाने रंगवले जातात, की वाचणाऱ्यास ‘दादा’ दिसावे आणि पोलिसास काहीच दिसू नये. कलम १२९ ने चालवणारा व मागे बसणारा या दोघांच्याही डोक्यावर सक्तीचे केलेले हेल्मेट मात्र आरशाला लटकत असते, कारण लिंबाने गाडी सुरक्षित झाल्यावर कवटीचा वेगळा विचार करण्याचे प्रयोजन उरत नाही, आणि ट्रिपल सीट बसल्यावर एक हेल्मेट नेमके कोणी घालायचे हा वादही मिटतो.

पालकांची बाजू अगदीच लंगडी आहे असे म्हणता येणार नाही. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना दोन-तृतीयांश सवलत आहे आणि बारावीपर्यंतच्या मुलींना प्रवास मोफत आहे, परंतु गावात बस येण्याची वेळ आणि कॉलेज भरण्याची वेळ यांची गाठ पडत नसेल, तर सवलतीचा पास खिशात ठेवून पोराला गाडीची चावी देण्यावाचून बापाला गत्यंतर राहत नाही. मात्र कॉलेजच्या नावाने बाहेर पडलेली ही गाडी दुपारी टपरीवर, संध्याकाळी वाढदिवसाच्या केकमागे आणि रात्री सोलापूर-धुळे किंवा पुणे-हैदराबाद महामार्गावरील ढाब्यावर आढळते. गळीत हंगामात, म्हणजे साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात त्या काळात, याच अंधारातून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशा अवस्थेत चाललेले असतात, आणि त्यांना कट मारणे हा पौरुषाचा दाखला मानला जातो. कोजागिरीच्या सुमारास पायी निघालेल्या भाविकांसाठी सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद केला जातो. पादचाऱ्यांना ‘दादां’पासून वाचवणारी जिल्ह्यातील ही बहुधा एकमेव खात्रीची योजना असावी.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ हे प्रकरण थेट घरात आणते. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालक दोषी मानला जातो आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते, हे सिद्ध करून पालकास सुटता येते खरे, पण नववीतल्या चिरंजीवांचा बुलेटवरचा व्हिडिओ ‘वाघ’ असे लिहून पालकाने स्वतःच व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवलेला असल्यास हा बचाव जरा अवघड होतो.

पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी मोटारीच्या धडकेत दोघांचा जीव गेला, आणि ती चालवल्याचा आरोप असलेल्या १७ वर्षांच्या मुलास जामीन देताना बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. राज्यभर संताप उसळल्यावर काही दिवसांतच आदेश बदलला, परंतु निबंधाची कल्पना टाकाऊ नव्हती, फक्त लेखक चुकला होता. धाराशिवमध्ये शाळाप्रवेशाच्या अर्जासोबतच तो प्रत्येक बापाकडून लिहून घ्यावा, आणि त्यात एक मुद्दा अनिवार्य ठेवावा: लायसन नसलेल्या चालकाच्या अपघातात विमा कंपनीला भरपाई द्यावी लागली, तरी ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये कंपनीला देतात, आणि येथील बहुतेक वाहनमालकांकडे वसूल करण्याजोगे असते ते सातबाऱ्यावरचे रानच.