टांगलेल्या इसमाची बढती

टॅरोच्या ७८ पानांपैकी ज्या २२ पानांना ‘मेजर आर्काना’, म्हणजे थोरली गूढ पाने, म्हणतात, त्यांतील बाराव्या पानावर एक इसम एका पायाने उलटा टांगलेला असतो. त्याचा दुसरा पाय गुडघ्यात दुमडलेला व हात पाठीमागे असतात, आणि चेहऱ्यावर मात्र भरपेट जेवून आरामखुर्चीत पडलेल्या माणसाची तृप्ती असते. लगेचचे तेरावे पान मृत्यूचे असल्यामुळे ही तृप्ती अस्थानी आहे असे अजाण माणसास वाटेल. परंतु जाणकारांच्या मते हा इसम स्वखुशीने, जगाकडे नव्या दृष्टीने पाहता यावे म्हणून लटकलेला असून ते पान त्याग, धीर आणि आत्मबोध यांचे प्रतीक होय.

ही स्वखुशी त्याला पुष्कळच उशिरा लाभली. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरो हा हुकुमाच्या पानांनी हात करण्याचा निव्वळ पत्त्यांचा खेळ होता, आणि त्यातील हा इसम सरळसरळ ‘गद्दार’ म्हणून ओळखला जाई. तेथील नगरराज्यांत फितूर हाती लागला नाही, तर त्याचे उलटे टांगलेले चित्र भर रस्त्यातील भिंतीवर रंगवून घेत, म्हणजे शिक्षा झाल्याचे समाधान तरी पदरी पडे. फ्लॉरेन्समध्ये १४४० साली अँद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराने बंडखोरांची अशी चित्रे रंगवली, आणि बदनामी ज्यांची करायची त्यांच्याबरोबर त्यालाही ‘टांगलेल्यांचा अँद्रेआ’ हे टोपणनाव कायमचे चिकटले. त्याआधी १४१२ साली पोप तेविसावे जॉन यांनी (ज्यांना चर्चने पुढे पोपांच्या यादीतूनच वगळले) आपली चाकरी सोडून गेलेला सेनानी मुत्सिओ आतेंदोलो स्फोर्झा याचे असेच चित्र रोममध्ये लावले होते. या स्फोर्झाचा मुलगा फ्रान्चेस्को पुढे मिलानचा ड्यूक झाला, आणि त्याच्या घराण्याच्या सोनेरी वर्खाच्या टॅरोसंचातही हे पान आहे. तीर्थरूपांची आठवण ऐन डावात हाती येऊनही तो खेळ चालू राहिला, यावरून ड्यूक होण्यास लागणाऱ्या मनोधैर्याची कल्पना यावी. त्याच शतकातील, आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या एका संचात तर या इसमाने दोन्ही हातांत पैशांच्या थैल्या घट्ट धरल्या आहेत, आणि उलटे लटकूनही त्या न सोडण्याची त्याची चिकाटी खरोखर आदर्श आहे.

त्याचे पुनर्वसन १७८१ साली सुरू झाले. टॅरो हा प्राचीन इजिप्तचा ज्ञानग्रंथ आहे असे कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने त्या वर्षी जाहीर केले, आणि इजिप्तची चित्रलिपी १८२२ पर्यंत कोणालाच उलगडलेली नसल्याने त्याला खोडून काढणे अवघड होते. त्याच्या मते हा इसम मुळात विवेकाचे प्रतीक म्हणून पाय जपून टाकीत ताठ उभा होता आणि अडाणी कारागिराने त्याला उलटा केला. एका चुकीच्या खुलाशात टांगणारे, टांगलेला व गुन्हा असे तिघेही निर्दोष सुटल्याचे उदाहरण विरळाच. पुढे लंडनमध्ये १९०९ साली आर्थर एडवर्ड वेट यांच्या योजनेनुसार पामेला कोलमन स्मिथ यांनी जो संच रेखाटला, त्यात फाशीच्या खांबाला हिरवी पालवी फुटली आणि गद्दाराच्या डोक्याभोवती तेजोवलय आले. थैल्यांचा मात्र मागमूस नव्हता.

आता एकच अडचण उरते. टॅरोत पान उलटे आले तर त्याचा अर्थही बहुधा फिरतो, आणि हे पान उलटे येताच तो इसम शतकांच्या छळानंतर चक्क डोके वर करून उभा राहतो; नेमक्या त्याच क्षणी पान वाचणारा गंभीर होऊन हट्टीपणा, वाया गेलेला त्याग आणि रखडलेली कामे यांबद्दल इशारा देतो. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला त्याच वेळी तो रीतसर टांगलेला दिसत असतो, म्हणजे त्याच्या बाजूने पान शुभच असते. परंतु मानधन घेणाऱ्याला जे सुलट दिसते तेच सुलट धरण्याचा या शास्त्राचा प्रघात आहे.