साखरेचा आग्रह

साठीकडे झुकलेल्या मित्रांची बैठक जमली की हल्ली वाद रमवरून होत नाही, तो होतो तिच्या सोबतीच्या कोलावरून. ओल्ड मंकवर सगळ्यांचं एकमत. ‘साधा की डाएट’ म्हटलं की सभा दुभंगते. समोर तळलेले बोंबील, मसाला पापड, खारे शेंगदाणे, आणि त्यांच्या साक्षीने कुणीतरी संन्यस्त चेहऱ्याने म्हणतं, “मला बिनसाखरेचा.” कोलाच्या ३०० मिलिलिटरमध्ये तीसेक ग्रॅम साखर असते, तेव्हा हा त्याग अगदीच पोकळ नाही. शिवाय त्या चेहऱ्यामागे रक्ततपासणीचा ताजा कागद असतो. म्हणून कुणी हसत नाही. फार तर बोंबलांची ताटली हळूच दुसरीकडे सरकते.

मला आजोबा आठवतात. डॉक्टरांनी साखर तोडल्यावर सदऱ्याच्या खिशातली चपटी डबी काढून ते सॅकरिनची गोळी चहात सोडत आणि ती विरेपर्यंत कपाकडे बघत बसत. हे सॅकरिन १८७९ साली हाती लागलं, ते रसायनतज्ज्ञ कॉन्स्टान्टिन फालबर्ग हात नीट न धुता जेवायला बसले म्हणून. आणि डाएट पेयांतलं अस्पार्टेम १९६५ साली, जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलताना बोट चाटलं म्हणून! “आधी हात धू” म्हणून आम्हाला ताटावरून उठवणाऱ्या आजोबांच्या कानावर हे कधी गेलं नाही, ते बरंच झालं.

खरी गंमत पुढे, पोटात आहे. साखर जुन्या वळणाच्या यजमानिणीसारखी वागते: आलेल्याला “बसा हो, एवढी काय घाई” म्हणत जठरात थांबवून घेते. डाएट पेयाला असा आग्रह करणारं कुणी नसतं. ते मद्याला घेऊन थेट लहान आतड्यात उतरतं, आणि तिथून मद्य भराभर रक्तात शिरतं. ॲडलेडच्या संशोधकांनी २००६ साली व्होडका घालून हे मोजलं. साखरेचं पेय निम्मं पुढे सरकायला सुमारे ३६ मिनिटं लागली, बिनसाखरेचं २१ मिनिटांतच सरकलं. रक्तातली दारूही बिनसाखरेच्या खेपेला जास्त भरली.

म्हणजे बैठकीतला सर्वांत संयमी गृहस्थच सर्वांआधी कॉलेजातल्या कुणाच्या तरी वेणीबद्दल बोलू लागतो, त्याचं कारण हे. बोलू द्यावं. वेणीत साखर नसते.

मधुमेह असेल तर डाएटच घ्या, पण आधी पोटात चार घास जाऊ द्या, पेला सावकाश संपवा, आणि गाडी न पिणाऱ्यालाच चालवू द्या.