पायजम्याच्या कोटाची मीमांसा

केसविक गावात गेस्ट हाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहमने 1932 च्या जूनमध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली 42 शिखरं 23 तास 39 मिनिटांत पालथी घातली. अंतर सुमारे 106 किलोमीटर, चढ एकूण 8,000 मीटरच्या वर. या किरकोळ बाबींवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आमचा विषय वेगळा : त्या दिवशी त्याच्या अंगात पायजम्याचा कोट होता.

पूर्वपक्ष असा, की ही वस्तूच संभवत नाही. फारसीत 'पाय' म्हणजे पाय, 'जामा' म्हणजे वस्त्र. पायाचं वस्त्र छातीवर चढलं कसं? आपल्याकडे पायजमा कमरेखाली राहतो, वर गंजिफ्रॉक. उत्तर असं, की साहेबाने हा शब्द हिंदुस्थानातून नेला, आणि बहुधा तिकडच्या थंडीपायी वर एक कोट जोडून अख्ख्या जोडीलाच ते नाव दिलं.

खरा पेच पुढे आहे. खाली त्याने लांब अर्धी चड्डी घातली होती आणि पायांत टेनिसचे बूट. म्हणजे नावाप्रमाणे जो पायजमा, तो घरी राहिला आणि उपरा कोट डोंगर चढला! आमचा सिद्धान्त : नाडी. पायजमा सावरत ज्याने कधी बस गाठली आहे (प्रस्तुत लेखकाने गाठलेली नाही, ती सुटली), त्याला फोड करून सांगायला नको. एक हात नाडीत अडकला की स्कॅफेल शिखराच्या कातळाला धरायला एकच उरतो. कोटाला बटणं असतात. बटण सुटलं तर वारा लागतो, नाडी सुटली तर अब्रू जाते.

शिवाय खिसा. शिदोरीत पाव-लोणी, फळं, गोळ्या आणि एक कमी उकडलेलं अंडं होतं. ते अंडं छातीवरच्या खिशात होतं असं कुणी म्हणेल, तर त्याने ते तिथे ठेवून जिन्याच्या चार पायऱ्या उतरून पाहाव्यात. खिशात गोळ्याच असणार.

ग्रॅहमचा हा पराक्रम पुन्हा व्हायला 1960 उजाडलं. तो ॲलन हीटनने केला. मधल्या काळात, 1941 ते 1949, इंग्लंडात कपडे रेशनवर होते खरे, पण कोटाच्या टंचाईने 28 वर्षांचा हिशेब लागत नाही. डोंगरधावपटू किलियन जोर्नेतने 2018 मध्ये तीच फेरी 12 तास 52 मिनिटांत केली, हे आमच्या विषयाच्या कक्षेबाहेर आहे.

ग्रॅहमच्या नावाचा क्लब 1971 मध्ये निघाला. सभासद व्हायचं तर प्रत्येक शिखरावर साक्षीदार लागतो. तो शिखराची साक्ष देतो, कोटाची नाही. आणि जोडीतला खालचा अर्धा त्या दिवशी घडी घालून ठेवलेला होता की गेस्ट हाउसच्या दोरीवर वाळत होता, याला तर साक्षीदारच नाही.