लाल दगडांत पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी सूचना

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या माणसाला एकदा तरी युटातल्या आर्चेस नॅशनल पार्कला नेतात. नेलं, की रेंजरबरोबरच्या भूशास्त्रीय भटकंतीत परस्पर नावही घालून टाकतात. तेव्हा तयारी आधीच केलेली बरी.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर. ‘आम्ही सह्याद्रीत हिंडलेली माणसं’ हे वाक्य गाडीतच ठेवून उतरावं. सह्याद्रीत अंग चिकचिकतं, म्हणून पाण्याची आठवण होते. इथल्या कोरड्या हवेत घाम फुटताक्षणी वाळतो, आणि आपल्याला काहीच होत नाहीये अशा खुशीत असतानाच माणूस आडवा होतो. आपल्या कातळाच्या वयाचाही तोरा नको. तो साडेसहा कोटी वर्षांचा. इथला लाल वालुकाश्म त्याच्या दुपटीहून म्हातारा.

रेंजर विचारणारच, “या कमानी कुणी केल्या?” घोळक्यातला एक उत्साही गृहस्थ “वाऱ्यानं!” म्हणतो. ते गृहस्थ तुम्ही नसावं. “नदीनं” तर मुळीच म्हणू नये. नदीनं कोरला तर तो पूल, कमान नव्हे. हा फरक मग भर उन्हात उभं राहून ऐकावा लागतो. “मीठ” म्हणावं आणि गप्प राहावं. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र पुन्हापुन्हा आत आला, आटला, आणि मिठाचे थरांवर थर साचले. वर दगडांचं ओझं वाढलं तसं ते मीठ खालून सरकलं, फुगलं, आणि वरचा वालुकाश्म समांतर भेगांनी तडकला. भेगा रुंदावून उभ्या पातळ भिंती उरल्या. पावसाचं पाणी त्यांत मुरतं, वाळूचे कण धरून ठेवणारा चुना विरघळवतं, थंडीत गोठून कपचे उडवतं. शेवटी भिंतीला भोक पडतं. ते एका दिशेनं तरी तीन फूट असेल तरच कमान म्हणून नोंद होते. अशा दोन हजारांवर आहेत. सगळ्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नयेत.

लाल रंग कशाचा? वाळूच्या कणांवरच्या लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे जवळजवळ गंजाचा. विमानाचं तिकीट काढून गंज बघायला आलो, हे नातेवाइकांना सांगायलाच हवं असं नाही.

पार्कातल्या ‘फायरी फर्नेस’ या भागाला मात्र नावावरून घाबरू नये. भिंती मावळतीच्या उन्हात पेटल्यासारख्या दिसतात, एवढंच. आत चांगली सावली असते. घाबरायचं ते फटींना. पिशवी पाठीवरून काढून, पोट आत ओढून आडवं सरकावं लागतं. दिवाळीच्या फराळाचा हिशेब तिथे होतो.

नजर वर असली तरी पाय उघड्या खडकावर किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतच पडला पाहिजे. वाटेकडेची काळपट, उंचसखल माती वाकून पाहा: करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी दिसते. ती जिवंत आहे. सूक्ष्म जिवाणूंच्या चिकट धाग्यांनी वाळू बांधून धरलेली आहे, म्हणून तर झुडपांना थारा मिळतो. सेल्फीसाठी टाकलेलं एक पाऊल तिला पुरतं, आणि ती भरून यायला कित्येक वर्षं जातात. खरं तर इथली सगळ्यात नाजूक गोष्ट हीच, आणि हिच्यासमोर फोटोसाठी रांग नसते.

लँडस्केप आर्च या कमानीखाली बसून डबा सोडायचा बेत असेल, तर तो रद्द समजा. 1991 मध्ये तिची सुमारे 18 मीटर लांबीची कपची कोसळली. खाली विसावलेली माणसं कडकड ऐकून पळाली म्हणून वाचली. आता कमानीखालची वाट बंद आहे. वॉल आर्च तर 2008 च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत अख्खी खाली आली. डबा पार्किंगमध्ये खावा. आणि खिशात टाकलेला तो लाल खडा होता तिथे ठेवून द्या. इथून दगड उचलायला बंदी आहे, आणि रेंजर मघापासून तुमच्याच खिशाकडे बघतोय.