फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्या वायरमनभाऊंस अनावृत पत्र

प्रति,
श्री. वायरमनभाऊ,
साउंड, लाइट, सायलेन्सर, मॉडिफिकेशन व मागाल त्या कामाचे तज्ज्ञ,
बारामती-इंदापूर रस्ता.

विषय : आमच्या पुतण्याच्या गाडीच्या बॉनेटखाली आपण केलेल्या कलाकुसरीबद्दल जाहीर आभार मानण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते, की आपण मोठ्या हौसेने नटवलेली गाडी निमगाव केतकीच्या अलीकडे, भर पालखी मार्गावर, जळून कोळसा झाली आहे. गाडीत लग्नाहून परतणारी माणसं होती. ती वाचली. त्याचं श्रेय आपल्याकडे जात नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाकी सगळं श्रेय निःसंशय आपलंच.

आपल्या कामाचा आवाका मोठा आहे. सायलेन्सर असा काढलात, की गाडी शेळगावात असली तरी आमच्या ओट्यावर कळायचं. लाइट असे लावलेत, की समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर डोळे मिटून चालवावा लागे. काचा काळ्या, टायर बाहेर, हॉर्न रेल्वेचा. इंजिनाचा ‘रिमॅप’ म्हणून काही केलंत, त्याने धूर वाढला. पुढच्या बंपरला आपण स्वखर्चाने लिंबू-मिरची बांधून दिलीत, त्याबद्दल वेगळे आभार. अख्ख्या गाडीत सुरक्षेसाठी केलेली तेवढी एकच सोय होती.

पण या सगळ्याला मी हात जोडून माफ केलं आहे. माझं भांडण फक्त एका वस्तूपुरतं आहे. ती करंगळीच्या पेराएवढी आहे, प्लॅस्टिकची आहे आणि दहा-वीस रुपयांना मिळते. तिला फ्यूज म्हणतात. आपण ओळखत असाल, कारण ती काढून फेकण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगाडा बघायला गेलो. बॉनेटखाली ओळखू येण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. स्टिअरिंगखालचा फ्यूजबॉक्स मात्र अर्धवट वितळून राहिला होता. झाकण उचकटलं. आतल्या बाजूला गाडी बनवणाऱ्यांनी कोणत्या खोबणीत किती अँपिअरचा फ्यूज घालायचा ते छापलेलं असतं. काजळी पुसली तर तेही वाचता आलं. जिथे १५ लिहिलं होतं तिथे निळा फ्यूज हवा. तिथे होत्या तांब्याच्या चार पिळलेल्या तारा, दोन्ही टोकांना व्यवस्थित वळवून बसवलेल्या. शेजारी १० च्या खोबणीत लाल हवा, तिथे हिरवा ३० चा. काम सफाईदार होतं, हे कबूल केलं पाहिजे. पुतण्याला विचारलं, तर तो भाबडेपणाने म्हणाला, “फ्यूज सारखा उडत होता काका, म्हणून भाऊंनी कायमचा बंदोबस्त करून दिला.”

कायमचा बंदोबस्त! भाऊ, बंदोबस्त अगदी कायमचा झाला. आता त्या गाडीचा कुठलाच फ्यूज कधीच उडणार नाही.

आपण व्यग्र असता, म्हणून थोडक्यात हिशेब मांडतो. गाडीच्या मूळ हॅलोजन दिव्याला ५५/६० वॅट लागतात. १२ व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर. मूळ वायर त्या बेताची. आपण घातलात १००/१३० चा बल्ब, म्हणजे जवळपास ११ अँपिअर, वायर तीच, स्विच तोच. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. हे दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. डिकीतला अ‍ॅम्प्लिफायर १००० वॅटचा. तो पुरता रंगात आला की ८० अँपिअरच्या वर ओढतो. त्याची वायर आपण थेट बॅटरीवरून आणलीत, ती घराच्या फिटिंगची. त्या वायरचं पीव्हीसी आवरण ७० अंशांच्या बेताचं असतं, आणि आपण ती नेलीत एक्झॉस्टच्या अंगावरून, जिथला पत्रा गाडी जोरात असताना ४०० अंशांच्या पुढे जातो. पत्र्याला भोक पाडून आत घेतलीत, पण भोकाला रबरी ग्रोमेट नाही. सांधे पिळून वर काळी टेप. त्या टेपचा गोंद उन्हाळ्यात बाहेरच वितळतो, बॉनेटखाली काय टिकणार?

म्हणजे फ्यूज उगाच उडत नव्हता. तो सांगत होता, की बाबांनो, कुठेतरी वायर पत्र्याला घासते आहे, कुठेतरी भार जास्त झाला आहे. माजघरातल्या म्हातारीसारखा तो एकटाच सारखा कुरकुरत होता, आणि आपण त्याचं तोंड कायमचं बंद केलंत. त्यानंतर वायर घासून उघडी पडली, तेव्हा मध्ये अडवायला कोणी नव्हतं. बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर सोडते. फ्यूज जळायचा राहिला, म्हणून वायर जळली. वायरने शेजारची पेट्रोलची रबरी नळी धरली. इंजेक्शनच्या गाडीत त्या नळीत ३-४ बार दाब असतो. चीर पडली की थेंब गळत नाही, फवारा उडतो.

आता हे बोलायला मी कोण, असं आपण म्हणाल. मग माझं सोडा. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्यात टाटांची एक नेक्सॉन ईव्ही रस्त्यावर पेटली. कंपनीने तपास करून जाहीर केलं, की डावा हेडलॅम्प अनधिकृत वर्कशॉपमध्ये बदलला होता, बसवण्यात त्रुटी होत्या, आणि त्यातून हेडलॅम्पच्या भागात विजेचा बिघाड होऊन आग लागली. एक हेडलॅम्प, भाऊ! त्याआधी २०१० साली नॅनो पेटल्या, तेव्हाही तपासात कारणं सांगितली ती अशीच : बाहेरून बसवलेली विजेची उपकरणं आणि एक्झॉस्टवर राहून गेलेल्या वस्तू. कंपनीचा स्वार्थ असेल, मान्य. पण एक्झॉस्टवर राहिलेलं फडकं कंपनीच्या स्वार्थाने पेटत नाही. आपल्याकडे तर उसाच्या फडात गाडी घातली की पाचटच अडकून येतं.

आता त्या संध्याकाळचं सांगतो, कारण आपण तिथे नव्हता.

आधी वास आला, वायर जळाल्याचा. गाणी चालू होती म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग डॅशबोर्डातून धूर. पुतण्याने गाडी बाजूला घेतली, एवढं शहाणपण त्याला सुचलं. पण आपण बसवलेलं बाहेरचं सेंट्रल लॉकिंग त्याच वायरिंगवर होतं. मागची दारं उघडेनात. काचा बटणाच्या, त्याही उतरेनात. मागे माझी वहिनी आणि दोन पोरं. पोरं काचेवर हात आपटत होती. चहाच्या टपरीवरचा एक जण टॉमी घेऊन धावला, त्याने काचेच्या कोपऱ्यात घाव घातला, पोरं ओढून काढली. वहिनीच्या पदराला झळ लागली होती.

ऐक आता. इतका वेळ ‘आपण’ म्हटलं, पुरे झालं. ती पोरं आत राहिली असती, तर तू काय केलं असतंस? दुकानाला चार दिवस कुलूप? वायर तापते हे तुला माहीत होतं. माहीत नसतं तर तू तांब्याच्या तारा घातल्या नसत्यास. फ्यूज उडतोय हे बघूनच घातल्यास. हे अज्ञान नाही. गाडीतल्या कोणाचं काय होईल, याची तुला फिकीर नव्हती. त्याला मी कलाकारी म्हणणार नाही, आणि चूकही म्हणणार नाही.

पोरं बाहेर आल्यावर जे झालं तेही ऐक, कारण यातलं काही तुझ्या पाटीवर लिहून लावण्यासारखं आहे. जमलेल्यांपैकी एका धाडसी माणसाने बॉनेट उघडलं. आत कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळाली, आणि भडका त्याच्या भुवया घेऊन गेला. दुसऱ्याने बादलीभर पाणी फेकलं, तर जळतं पेट्रोल पाण्यावर तरंगत रस्त्याला लागलं. बाकीचे मोबाइलवर चित्रीकरण करत होते. अग्निशामक नळकांडं गाडीत होतं, खोटं कशाला बोलू. पण ते डिकीत, तुझ्या वूफरच्या पेटीखाली. बंब इंदापूरहून निघाला होता. त्याआधी शेजारच्या डाळिंबाच्या बागेतून एक जण ट्रॅक्टर घेऊन आला आणि फवारणीच्या ब्लोअरने लांबूनच पाण्याचे तुषार मारून त्याने आग आवरली. निमगाव केतकीची डाळिंबं लोकांना ठाऊक आहेत. डाळिंबाचा ब्लोअर बंबाचं काम करतो, हे नव्याने कळलं. हेच आषाढात, तुकोबांची पालखी मुक्कामाला असताना, वारकऱ्यांच्या गर्दीत झालं असतं तर? मला पुढचं लिहवत नाही.

तेव्हा पाटीवर लिही : वास आला की गाडी थांबवा, चावी बंद करा, म्हणजे पेट्रोलचा पंपही थांबतो. आधी माणसं बाहेर, सामान नाही. ज्वाळा दिसत असतील तर बॉनेट पूर्ण उघडू नका. फटीतून किंवा चाकाच्या कमानीतून एबीसी पावडर मारा. किलोभराचं नळकांडं आठ-दहा सेकंदांत संपतं, म्हणून नेम आगीच्या बुडाशी. तेवढ्यात विझली नाही तर शूरपणा नको, शंभर पावलं लांब व्हा आणि ११२ ला फोन करा. नळकांड्याची जागा ड्रायव्हरच्या सीटजवळ.

राग काढून झाला. आता दुसरी बाजूही तुझ्या तोंडावर सांगतो.

तुला हे कोणी शिकवलं नाही, हे मला दिसतं. तुझ्यासारखी पोरं शाळा सुटल्यावर कोणाच्या तरी गॅरेजवर पाना पुसायला लागतात, उस्तादाच्या शिव्या खातात आणि तो जे करतो ते बघून शिकतात. उस्तादही तारच घालत होता. आणि आम्ही गिऱ्हाईकं! मांडवाला, बँडला, फटाक्यांना हात सैल. तुझ्याकडे आलो की दोनशे रुपयांच्या रिलेवर घासाघीस. तू ‘रिले आणि वेगळी वायर टाकतो’ म्हणालास, की आम्ही म्हणणार, “पलीकडचा याच्याशिवाय करून देतो.” पलीकडचा खरंच करून देतो. मग तू काय करशील? पोरांची फी भरायची आहे, दुकानाचं भाडं आहे. पुतण्याने तुला ‘सकाळपर्यंत दे’ म्हणून रात्रभर जागवलं होतं, हेही मला नंतर कळलं. सगळं पाप तुझ्या माथी मारणं मला सोयीचं आहे, पण ते खरं नाही.

म्हणून कायद्याची भीती घालत नाही; नुसतं माहीत असू दे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गाडी बनवणाऱ्याच्या मूळ रचनेला धक्का लागेल असा बदल मालकाला करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न कळवता बदल केले असतील, तर दावा नाकारायला तिला आयतं कारण मिळतं. आणि घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरून देण्याचा जोडधंदा कोणी सुचवला, तर जळगावात नोव्हेंबर २०२४ मध्ये काय झालं ते आठव. एका ओमनीत गॅस भरताना स्फोट झाला आणि माणसं जीव गमावून बसली.

पुतण्या दुसरी गाडी बघतो आहे. ती घेऊन तो तुझ्याचकडे येणार, कारण तुझं काम त्याला आवडतं. आल्यावर एवढंच कर. जास्त वॅटचे दिवे मागितले तर नाही म्हण. साउंड लावायचाच असेल, तर त्या भाराची जाड, गाडीचीच वायर घे. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज लाव. एक्झॉस्ट आणि पेट्रोलच्या नळीपासून वायर लांब ठेव. पत्र्याच्या भोकाला ग्रोमेट बसव. जुन्या रबरी नळ्या बदल. आपल्याच उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के असतं आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. फ्यूज उडाला तर का उडाला ते शोध. १५ च्या जागी १५ चाच घाल. आणि पुतण्या म्हणालाच, की शंभर रुपये कमी कर, फ्यूज-बिज राहू दे, तर फ्यूज गाळू नकोस. गिऱ्हाईक गाळ.

कळावे,
जळालेल्या गाडीच्या मालकाचा काका,
निमगाव केतकी.